लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या नाशिक पुरवणीत नुकतेच दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. माळ्यावर पडलेल्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसाव्यात, असा एका ओळीचा सल्ला त्यात होता. टिपण लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, आणि जुन्या तबकड्या भंगारात न घालता स्वच्छ करून ऐकाव्यात असे कुणीतरी वर्तमानपत्रातून सांगितले याचा मला आनंदच झाला. मात्र हा सल्ला काही तबकड्यांना एक वेळ चालून जाणारा, तर काहींचा कायमचा घात करणारा आहे. नाशिकच्या जुन्या घरांतून जो साठा बाहेर पडतो त्यात या दुसऱ्या प्रकारच्या तबकड्या पुष्कळ असतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

दिसायला सगळ्याच रेकॉर्ड काळ्या आणि गोल असल्या तरी त्या एकाच पदार्थाच्या नसतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, १९०८ मध्ये तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये तो डमडमला गेला, आणि या सगळ्या काळात तबकडीचा मुख्य बांधणारा पदार्थ लाख हाच राहिला. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस आणि कुसुमाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख परदेशांतल्या कारखान्यांनाही आपल्याकडूनच जात असे. मात्र तबकडीत लाखेचा वाटा थोडाच असतो. उरलेला भाग दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांचा असतो, आणि लाख या सगळ्याला एकत्र धरून ठेवते. व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. आपल्याकडे ती रुळायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला, आणि तरीही ७८ च्या तबकड्या साठचे दशक सरत येईपर्यंत निघतच होत्या. त्यामुळे आपल्या घरांतल्या एकाच ट्रंकेत, अनेकदा एकाच गायकाच्या, लाखेच्या आणि व्हिनाइलच्या तबकड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या सापडतात.

स्पिरिटचा प्रश्न इथेच येतो. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडी कपाटाला पॉलिश करणारे कारागीर लाखेचे चपडे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालतात आणि सकाळी त्या द्रावणाचा हात मारतात. त्यांचा सगळा धंदा लाखेच्या याच गुणावर चालतो. दवाखान्यातले सर्जिकल स्पिरिट, हात निर्जंतुक करण्याचा द्रव आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ही तिन्ही या बाबतीत सारखीच. सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यात मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. घरातल्या तरुण मुलाने मोठ्या आस्थेने आजोबांच्या वेळची एक तबकडी मांडीवर घेतली होती आणि स्पिरिटच्या बोळ्याने तो ती पुसत होता. प्रत्येक बोळा काळाकुट्ट होऊन निघत होता आणि इतकी वर्षे साचलेली घाण निघते आहे म्हणून तो आणखी जोराने पुसत होता. ती घाण नव्हती. ती तबकडीतली काजळी होती, म्हणजे ज्या खाचांत गाणे कोरलेले होते त्यांच्या भिंतीच त्या कापसावर उतरत होत्या. जिथे बोळा फिरला तिथली चकाकी जाऊन पृष्ठभाग राखेसारखा निस्तेज झाला होता आणि बोट टेकवले तर किंचित चिकटत होते. ती बाजू नंतर वाजवून पाहिली तेव्हा गायिकेचा आवाज एका अखंड खरखरीच्या मागे कुठेतरी राहिला होता, आणि आता कोणत्याही उपायाने तो पुढे येणार नाही.

म्हणून पाण्याचा थेंबही लावण्याआधी तबकडी कशाची आहे हे ठरवावे, एवढेच या पत्राचे मुख्य म्हणणे आहे. ओळखणे अवघड नाही. लाखेची तबकडी हाताला जड आणि ताठ लागते, बहुधा १० इंच व्यासाची असते, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, आणि तिच्या खाचा उजेडात तिरप्या धरल्या तर नुसत्या डोळ्यांनी मोजाव्यात इतक्या ठसठशीत दिसतात. व्हिनाइलची तबकडी दोन्ही कडांना धरली तर किंचित लवते (लाखेची लववून पाहू नये, ती मोडते), तिच्या खाचा केसासारख्या बारीक आणि दाट असतात, आणि लेबलावर बहुधा ३३⅓ किंवा ४५ हा वेग छापलेला असतो. लेबल फाटले असेल, वेग कळत नसेल आणि मनात शंका असेल, तर ती लाखेचीच आहे असे धरून चालावे. कारण लाखेला चालणारी साध्या पाण्याची धुलाई व्हिनाइललाही चालते, उलट मात्र खरे नाही.

नाशिककरांना हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी उत्तरायुष्यात पंचवटीत आपला आश्रम केला आणि त्यांचे चिरंजीव पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली याच गावात झाला. १९५५ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्याआधी, ते गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि आमच्या शहरात अशी कितीतरी घरे आहेत जिथे त्यांची एखादी तरी रेकॉर्ड आजही जपून ठेवलेली असते. तीन मिनिटांत राग उभा करण्याची जी विलक्षण शिस्त त्या काळच्या गायकांनी कमावली होती, ती पुढच्या काळातल्या फेरमुद्रणांतून ऐकू येतेच. पण फेरमुद्रण करताना खरखर काढण्याच्या नादात आवाजाच्या वरच्या पट्टीतले बारकावेही अनेकदा पुसले जातात. चांगली धुतलेली मूळ तबकडी योग्य सुईने वाजवली तर त्यातला तानपुरा जितका जवळ ऐकू येतो तितका तो मला इतरत्र क्वचितच आढळला आहे.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. अगोदर तबकडी कोरडीच, मऊ आणि दाट केसांच्या ब्रशने, खाचांच्या दिशेने म्हणजे गोलाकार झाडून घ्यावी. मध्यापासून कडेकडे आडवे फटकारे मारू नयेत, कारण त्याने कण खाचांवरून घासत जातात. पाणी डिस्टिल्ड असावे. गोळे कॉलनीत औषधांच्या दुकानांतून ते मिळते, किंवा बॅटरीत घालायचे पाणीही चालते, फक्त बाटलीत आम्ल मिसळलेले नाही हे लेबल वाचून पाहावे. नळाचे पाणी आणि त्याहूनही बोअरचे पाणी वाळले की क्षार मागे राहतात, आणि खाचेच्या तळाशी बसलेला क्षाराचा खडा सुईला दगडासारखाच लागतो. एक लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या रंगहीन, गंधहीन द्रवाचे दोन-तीन थेंब पुरेत. डार्करूममध्ये फिल्मवर डाग पडू नयेत म्हणून छायाचित्रकार जे वेटिंग एजंट वापरत, ते मिळाल्यास अधिक चांगले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन विभागानेही तबकड्यांसाठी याच जातीचा मार्ग सुचवला आहे: क्षार काढलेले पाणी आणि त्यात टर्जिटॉल नावाचा ओलावा पसरवणारा पदार्थ, अगदी अल्प प्रमाणात. हा थेंब कशासाठी, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. नुसते पाणी व्हिनाइलवर टाकले तर त्याचे मणी होऊन ते खाचांच्या माथ्यावरच तरंगत राहतात. द्रव मिसळलेले पाणी टाकले की तो मणी क्षणात पसरतो आणि त्याची पातळ चादर खाचांत उतरलेली दिसते. धूळ ज्या खोलीवर बसलेली असते तिथपर्यंत पाणी पोचलेच नाही, तर वरून कितीही पुसले तरी आवाजात काहीही फरक पडत नाही.

लेबल मात्र कोरडे राहायला हवे. लाखेच्या तबकडीचे लेबल सुमारे ३ इंचांचे आणि लाँग प्लेचे सुमारे ४ इंचांचे असते. त्या मापाचे प्लास्टिकचे झाकण दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरले तर बरेचसे काम भागते. जुन्या लेबलांची शाई पाण्याने फुटते, आणि गायकाचे नाव, राग, तबकडीचा क्रमांक हे सगळे त्या कागदावरच असते. ओल्या ब्रशने किंवा स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने, पुन्हा गोलाकारच, हलक्या हाताने दोन-चार फेरे द्यावेत, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबणाचा अंश पूर्ण काढावा, आणि लाखेची तबकडी असेल तर हे सगळे लवकर उरकावे. लाख पाण्याला दाद देत नसली तरी तिच्या पोटातले कापसाचे तंतू ओलावा शोषतात, म्हणून बादलीत बुडवून ठेवणे वाईट. तबकडीला तडा गेला असेल तर तिला पाणी लावूच नये. कोलंबियाच्या काही लाखेच्या तबकड्यांत वरचा गुळगुळीत थर आणि आतला खरबरीत गाभा यांच्यामध्ये कागद असतो. तड्यातून आत शिरलेले पाणी त्या कागदापर्यंत गेले की थर सुटू लागतात. पाणी कोमटापेक्षा गरम नसावे. धुतलेली तबकडी टिपकागदासारख्या सुती कापडाने टिपून, भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी, सावलीत वाळवावी. पंख्याखाली ठेवली तर खोलीतली धूळ ओल्या खाचांवर येऊन बसते, आणि हेअर ड्रायरचा तर विचारही करू नये.

पुरात भिजलेल्या तबकड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि आमच्या गावात ती टाळता येत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून पाणी गेले की सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या भागातल्या तळमजल्यांचे काय होते हे २००८ आणि २०१९ च्या पुरांनी दाखवून दिले आहे. गोदावरीचा गाळ बारीक असतो, वाळला की तो खाचांत सिमेंटसारखा धरतो, आणि अनेकांनी तो वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासून काढण्याचा प्रयत्न केला, ज्यामुळे वाळूचे कण तबकडीभर फिरले. असा गाळ आधी पाण्याने सैल करावा, घासू नये. वाहत्या पाण्याच्या बारीक धारेखाली तबकडी तिरपी धरून तो आपोआप निघेल तेवढा निघू द्यावा, मग ब्रश लावावा, आणि अखेरीस डिस्टिल्ड पाण्याने खळाळावे. कागदी पाकीट तबकडीला चिकटले असेल तर ते ओढून फाडण्यापेक्षा ओले करून सोडवणे बरे. बुरशीची पांढरी किंवा हिरवट पुटे असतील तर काम घराबाहेर, नाकातोंडावर मास्क लावून करावे आणि वापरलेले कापड पुन्हा दुसऱ्या तबकडीला लावू नये. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

आणखी एका जातीच्या तबकडीविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती दुर्मीळ आहे आणि तिच्यावर जे असते ते जगात दुसरीकडे कुठेच नसते. पूर्वी आकाशवाणीसारख्या ठिकाणी आणि खासगी ध्वनिमुद्रणासाठी ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन त्यावर थेट मुद्रण करत. अशी तबकडी एकच असते, तिची दुसरी प्रत छापलेली नसते. मधल्या छिद्राच्या कडेला किंवा जिथे थर उडाला असेल तिथे धातू चकाकताना दिसतो, लेबल हाताने लिहिलेले असते, आणि कधी मधल्या छिद्राशेजारी आणखी एक-दोन छिद्रे असतात. तिच्यावर मेणासारखा पांढरा थर आलेला दिसला तर ती बुरशी समजून पुसायला जाऊ नये. वरच्या थरातले एरंडेल कालांतराने विघटित होऊन त्याची आम्ले पृष्ठभागावर येतात, आणि त्याबरोबर तो थर आक्रसून चिरफळ्या पडून धातूपासून सुटू लागतो. अशी तबकडी घरी धुवू नये, वाजवूही नये. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या जाणकार मंडळींकडे आधी विचारणा करावी.

बाकीच्या घरगुती उपायांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. रॉकेल, पेट्रोल, काच पुसण्याचा निळा द्रव, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांपैकी काहीही तबकडीला लावू नये. खोबरेल तेलाचा हात मारून तबकडी चकचकीत करून विकणारे मला आठवडी बाजारात भेटले आहेत. ते तेल धूळ धरून ठेवते आणि सुईवर त्याचा काळा गोळा जमतो. पांढरा गोंद ओतून वाळल्यावर साल काढावी तसा सोलायचा, असा एक प्रकार हल्ली चित्रफितींत दाखवतात. व्हिनाइलवर तो कधी साधतो, कधी गोंदाचे तुकडे खाचेत अडकून बसतात, आणि लाखेच्या तबकडीवर तो करणे म्हणजे तिचा पृष्ठभाग उपटून काढणे आहे. व्हिनाइलला विरळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल अनेक संग्राहक वापरतात आणि त्याने व्हिनाइल विरघळत नाही, हे मी मान्य करतो. तरी ज्या घरात दोन्ही जातींच्या तबकड्या आहेत तिथे ती बाटली मुळात असूच नये असे माझे मत आहे.

स्वच्छ केलेली तबकडी चुकीच्या सुईखाली घातली तर सगळी मेहनत वाया जाते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई ही एकदाच वापरायची वस्तू आहे. लाखेतली दगडाची पूड ती सुई झिजवून खाचेच्या मापाची करते, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची पद्धत होती. त्या झिजलेल्या पोलादाची करडी पूड खाचांत राहते, आणि पहिल्या धुलाईत जे करडे पाणी निघते त्यात तिचाही वाटा असतो. त्या सुईखाली व्हिनाइलची तबकडी एकदा जरी वाजवली तरी तिच्या खाचा खरवडल्या जातात. याउलट इलेक्ट्रिक प्लेअरवर लाँग प्लेच्या सुईने, जिचे टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचे असते, लाखेची तबकडी वाजवली तर ती सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन पडते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची वेगळी सुई मिळते. अनेकांना आपली तबकडी खराब झाली आहे असे वाटते, तेव्हा खरे तर सुई चुकीची असते.

तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. जुने कागदी पाकीट धुतलेल्या तबकडीला पुन्हा घालू नये, कारण त्याच्या घड्यांत तीच धूळ बसलेली असते. ते वेगळे जपावे. आतले पाकीट दुधी, चुरचुर वाजणाऱ्या पॉलिथिनचे असावे, मऊ पारदर्शक पीव्हीसीचे नको, कारण वर्षानुवर्षांच्या संपर्काने त्याचा अंश व्हिनाइलवर उतरतो आणि धुके आल्यासारखा डाग पडतो. गच्चीला लागून असलेला पत्र्याखालचा माळा ही आपल्याकडची नेहमीची जागा आहे आणि तीच सर्वांत वाईट, कारण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखाली त्याहून कितीतरी अधिक तापते आणि व्हिनाइल वाकते.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की, ज्या पानावर ते टिपण आले त्याच पानावर, दिवाळीच्या आधीच, लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लावू नये अशी ठळक दुरुस्ती आपण छापावी. जुन्या नाशकात वाडे पाडण्याचे आणि रिकामे करण्याचे काम जोरात चालू आहे, ट्रंका उघडल्या जात आहेत, आणि ज्यांच्या हाती या तबकड्या प्रथमच पडत आहेत अशी तरुण मंडळी आपल्या दैनिकातला सल्ला विश्वासाने पाळतील. तबकडी आधी ओळखावी, शंका असेल तर फक्त पाणी वापरावे, आणि धातूचा गाभा दिसला तर हात लावू नये, एवढे तीन मुद्दे त्या दुरुस्तीत आले तरी पुरेसे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक व रेकॉर्ड संग्राहक,
पंचवटी, नाशिक